‘इनलाइनिंग फेल्ड’ ही वॉर्निंग पुन्हा पुन्हा येते तेव्हा

काल बिल्ड स्वच्छ होता. आज एका स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड वाढवलं, दुसऱ्याच कुठल्या फाइलमध्ये दहा ओळींचं फंक्शन घातलं आणि जीसीसी या सी कम्पायलरने भलत्याच फंक्शनबद्दल तक्रारींची रांग लावली: ‘इनलाइनिंग फेल्ड इन कॉल टू’ अमुक तमुक, आणि खाली ‘कॉल्ड फ्रॉम हिअर’. ज्या फंक्शनचं नाव आलंय त्याला कित्येक महिन्यांत कोणी हात लावलेला नसतो. मग कोणीतरी मेकफाइलमध्ये एखादा पॅरामीटर वाढवून ठेवतं, वॉर्निंग गप्प होते, आणि पुढच्या कम्पायलर अपग्रेडला आणखी चार जणींना घेऊन परत येते.

असं होत राहतं, कारण इनलाइनच्या नावाने येणाऱ्या वॉर्निंग दोन अगदी वेगळ्या प्रकारच्या असतात आणि आपण त्या एकाच टोपलीत टाकतो. पहिल्या प्रकारात कम्पायलर फक्त आपलं मत कळवतो: हे फंक्शन या ठिकाणी उलगडून घालणं (म्हणजे कॉलऐवजी त्याचा कोडच तिथे बसवणं, इनलाइन करणं) मला परवडलं नाही. प्रोग्राम बरोबरच चालणार असतो. दुसऱ्या प्रकारात सी भाषेचा नियम मोडलेला असतो, आणि तो आज ना उद्या लिंकरमध्ये (ऑब्जेक्ट फाइल जोडणाऱ्या टप्प्यात) किंवा चालत्या प्रोग्राममध्ये डोकं वर काढतो. कुठली कोणती हे ओळखायला मेसेजमध्ये फंक्शनच्या नावानंतर जो कोलन येतो त्याच्या पुढचा मजकूर वाचा. खरं कारण तिथेच असतं, आणि घाईत नेमका तोच भाग सुटतो.

ही वॉर्निंग चालू केली कोणी?

ही वॉर्निंग चालू करणारा -डब्ल्यूइनलाइन हा पर्याय -डब्ल्यूऑल या वॉर्निंगच्या नेहमीच्या गठ्ठ्यात येत नाही, -डब्ल्यूएक्स्ट्रा या वाढीव गठ्ठ्यातही येत नाही. म्हणजे तुमच्या बिल्डमध्ये तो कोणीतरी हाताने घातलेला आहे. मेकफाइल, सीमेकची फाइल किंवा जुन्या प्रोजेक्टमधून जशीच्या तशी उचललेली फ्लॅगची ओळ, यांतल्या कशात तरी तो सापडेल. त्याच्या शेजारी वॉर्निंगला एरर मानणारा -डब्ल्यूएरर असेल तर दुखणं दुप्पट, कारण मग कम्पायलरच्या एका मतामुळे अख्खा बिल्ड आडवा होतो.

इनलाइन हा कीवर्ड सी भाषेच्या मानकात १९९९ साली आला. वेगाच्या बाबतीत मानकाने कम्पायलरवर कसलीही सक्ती केलेली नाही. या फंक्शनचा कॉल शक्य तेवढा झटपट व्हावा अशी ती सूचना आहे, आणि ती कितपत पाळायची हे कम्पायलरवर सोपवलेलं आहे. जीसीसीचं मॅन्युअलच या वॉर्निंगबद्दल सांगतं की निर्णय अंदाजांवर घेतला जातो आणि त्यामुळे सोर्समधल्या किरकोळ बदलानेही ती येऊ किंवा जाऊ शकते. जी वॉर्निंग स्वतःबद्दल असं सांगते तिला रोजच्या बिल्डमध्ये ठेवावं की नाही, याचं माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. वेगाचं काम हातात असेल तेव्हा चालू करावी, काम झालं की बंद.

शोध घेताना एक पथ्य पाळा: रिलीज ज्या ऑप्टिमायझेशन पातळीवर होतं त्याच पातळीवर बघा. -ओ० वर, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद असताना, जीसीसी ऑलवेज_इनलाइन (इनलाइन कराच असं बजावणारं अॅट्रिब्यूट) लावलेली फंक्शन सोडली तर काहीही इनलाइन करत नाही, त्यामुळे डीबग बिल्डवरून काढलेला निष्कर्ष रिलीजला लागू पडत नाही.

‘कॉल इज अनलाइकली अँड कोड साइझ वुड ग्रो’

सगळ्यात जास्त दिसणारं कारण हेच. अर्थ सरळ आहे: हा कॉल क्वचित होईल असं मला वाटतं, तिथे फंक्शन उलगडलं तर कोड उगाच फुगेल, म्हणून राहू दिलं. एरर हाताळणारी फांदी, प्रोग्राम बंद पाडणाऱ्या फंक्शनच्या आधीचा भाग, आणि खुद्द मेन फंक्शनचं अंग, या सगळ्यांना जीसीसी थंड समजतो. मेन एकदाच चालतं, हे त्याला ठाऊक असतं.

समजा हेडरमध्ये चेकसम काढणारं एक स्टॅटिक इनलाइन फंक्शन आहे. पॅकेट वाचणाऱ्या लूपमधून त्याला कॉल जातो, आणि मेनमध्ये सुरुवातीला कॉन्फिगरेशन तपासतानाही एकदा जातो. लूपमध्ये ते व्यवस्थित उलगडलेलं असतं. वॉर्निंग येते ती मेनमधल्या एकुलत्या एका कॉलबद्दल. ‘कॉल्ड फ्रॉम हिअर’च्या ओळीतला लाइन नंबर न बघता लोक चेकसमचं फंक्शन कापायला बसतात, आणि जिथे वेग हवा होता तिथे सगळं आधीपासूनच ठीक असतं. म्हणून आधी कॉलची जागा बघा. ती जागा खरोखर थंड असेल तर कम्पायलरचं बरोबर आहे आणि करण्यासारखं काही नाही.

इथे एक पेच येतो. ‘मग इनलाइन शब्दच काढून टाकतो’ असं म्हणून हेडरमधल्या फंक्शनला नुसतं स्टॅटिक ठेवलं, तर ते हेडर घेणाऱ्या पण फंक्शन न वापरणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये -डब्ल्यूअनयूज्ड-फंक्शनची वॉर्निंग उगवते, आणि ही मात्र -डब्ल्यूऑलमध्ये असते. स्टॅटिक इनलाइनला जीसीसी या बाबतीत सूट देतो. म्हणजे हेडरमध्ये इनलाइन हा शब्द कित्येकदा वेगासाठी लिहिलेलाच नसतो. न वापरल्याची कुरकुर टाळायला तो तिथे बसवलेला असतो. अशा हेडरांनी भरलेल्या कोडबेसवर -डब्ल्यूइनलाइन चालू ठेवणं म्हणजे रोजचा गोंगाट ओढवून घेणं. एक तर ती बंद करा, नाही तर फंक्शन नुसतं स्टॅटिक करून त्याला अनयूज्ड हे अॅट्रिब्यूट लावा. मी पहिलं करतो.

आणि ती जागा थंड नसेलच तर? म्हणजे कम्पायलरचा अंदाज चुकला असेल तर? तेव्हा अंदाज सुधारायची साधनं आहेत. अटीवर बिल्टइन-एक्स्पेक्ट लावून कुठली फांदी नेहमीची हे सांगता येतं. त्याहून भरवशाचं म्हणजे प्रोफाइल: -एफप्रोफाइल-जनरेट देऊन बिल्ड करायचा, खऱ्या डेटावर चालवायचा आणि -एफप्रोफाइल-यूज देऊन पुन्हा बिल्ड करायचा. मग कुठला कॉल गरम आणि कुठला थंड हे मोजून ठरतं.

मर्यादा संपली असं सांगणाऱ्या ओळी

दुसरा मोठा गट पॅरामीटरच्या नावाने येतो. ‘मॅक्स-इनलाइन-इन्सन्स-सिंगल लिमिट रीच्ड’ असं असेल तर ज्याला कॉल केलाय ते फंक्शनच मोठं आहे. जीसीसी १० पासून ही मर्यादा -ओ२ वर ७० आणि -ओ३ वर २०० आहे. त्याआधीच्या आवृत्त्यांत -ओ२ वरही ती बरीच सैल होती. कम्पायलर बदलला आणि एका दिवसात वॉर्निंगचा पाऊस पडला, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. हे ७० म्हणजे मशीनचे ७० इन्स्ट्रक्शन नव्हेत. ती कम्पायलरच्या आतली, आकाराचा अंदाज घेण्याची मोजपट्टी आहे.

यावर टिकाऊ इलाज एकच, आणि तो करण्याजोगा आहे: नेहमीचा रस्ता आणि क्वचितचा रस्ता वेगळे करायचे. रिंग बफरमध्ये एक बाइट टाकणारं फंक्शन घ्या. नेहमीचं काम तीन ओळींचं: जागा आहे का बघा, बाइट ठेवा, इंडेक्स पुढे सरकवा. पण जागा नसेल तेव्हा नवी मेमरी मागायची, जुना डेटा दोन तुकड्यांत कॉपी करायचा, मेमरी मिळाली नाही तर लॉगमध्ये नोंद करून एरर परत द्यायची, हे सगळंही त्याच फंक्शनमध्ये कोंबलेलं असतं. फुगवटा या दुसऱ्या भागाचा असतो आणि वॉर्निंगचा ठपका मात्र पूर्ण फंक्शनवर येतो.

दुसरा भाग उचलून बफर_वाढव अशा वेगळ्या फंक्शनमध्ये न्या. त्याचं प्रोटोटाइप हेडरमध्ये, डेफिनिशन एका सी फाइलमध्ये, आणि त्याला नोइनलाइन (उलगडू नका) व कोल्ड (क्वचितचं) ही दोन अॅट्रिब्यूट लावा. हेडरमध्ये उरलेल्या फंक्शनचं अंग आता असं वाचलं जातं: जागा नाही आणि बफर_वाढवही अपयशी ठरलं तर एरर परत करा, नाही तर बाइट ठेवा, इंडेक्स वाढवा, शून्य परत करा. कोल्ड लावल्यामुळे त्या कॉलकडे जाणारी फांदी क्वचितची आहे हेही कम्पायलरला आपोआप कळतं, वेगळं बिल्टइन-एक्स्पेक्ट लिहावं लागत नाही. नोइनलाइन विसरलात तर लिंक टाइम ऑप्टिमायझेशन (फाइल जोडताना सगळ्यांवर एकत्र होणारं) चालू असताना हा भाग पुन्हा आत ओढला जाऊ शकतो. हा बदल कम्पायलरच्या कुठल्याही आवृत्तीवर टिकतो. कमांड लाइनवर वाढवलेला आकडा टिकेलच असं नाही, कारण हे पॅरामीटर जीसीसीच्या आतले आहेत आणि त्यांची मूल्यं आवृत्तीगणिक बदलत आली आहेत.

‘लार्ज-फंक्शन-ग्रोथ’ असं कारण आलं तर दोष उलट्या बाजूला शोधायचा. इथे कॉल करणारं फंक्शन अवाढव्य झालेलं असतं. अंदाजी २७०० इन्स्ट्रक्शनच्या पुढचं फंक्शन जीसीसी मोठं मानतो आणि इनलाइन करून ते किती वाढू द्यायचं यावर १०० टक्क्यांची मर्यादा ठेवतो. शंभर केस असलेला स्विच, प्रोटोकॉलची स्टेट मशीन, इंटरप्रिटरचा मुख्य लूप ही नेहमीची गिऱ्हाइकं. छोट्या फंक्शनवर वॉर्निंग येते आणि दुरुस्ती मोठ्या फंक्शनची करावी लागते.

‘इनलाइन-युनिट-ग्रोथ’ मात्र खरी डोकेदुखी. ही मर्यादा पूर्ण ट्रान्सलेशन युनिटची, म्हणजे एक सी फाइल आणि तिने ओढून घेतलेली सगळी हेडर मिळून जे होतं त्याची. वाढीचा कोटा सगळ्या फंक्शनमध्ये वाटला जातो, आणि जास्त फायद्याचे कॉल आधी उरकतात. तुम्ही एक नवं, फायद्याचं फंक्शन घातलं की रांगेत शेवटी उभं असलेलं कुठलंतरी बाहेर ढकललं जातं. न शिवलेल्या फंक्शनबद्दल वॉर्निंग येते ती यामुळे. लिंक टाइम ऑप्टिमायझेशनमध्ये सगळ्या फाइल एकत्र येत असल्याने ही सरमिसळ आणखी वाढते. याला औषध म्हणजे फाइल लहान करणं, किंवा हेडरमधल्या ज्या फंक्शनला इनलाइनची गरज नाही ती सी फाइलमध्ये हलवणं.

‘लार्ज-स्टॅक-फ्रेम-ग्रोथ’ क्वचित दिसतं, पण दिसलं तर कान टवकारा. इनलाइन केलेल्या फंक्शनचे लोकल ॲरे कॉल करणाऱ्याच्या स्टॅक फ्रेममध्ये जातात. फ्रेम २५६ बाइटच्या वर गेली की जीसीसी तिला मोठी समजतो. एक-दोन केबीचा तात्पुरता बफर असलेलं फंक्शन इनलाइन करू नये, हे इथे कम्पायलर तुमच्यापेक्षा चांगलं जाणतो. लहान स्टॅकवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या कोडमध्ये त्याचं ऐकावं.

इनलाइन असेम्ब्ली वापरणाऱ्यांसाठी एक फाटा. असेम्ब्लीचा तुकडा केवढा आहे हे जीसीसीला आतून कळत नाही; तो मजकुरातल्या ओळी आणि इन्स्ट्रक्शन वेगळे करणारी चिन्हं मोजून आकार धरतो. त्यामुळे दहा ओळींचे डिरेक्टिव्ह आणि प्रत्यक्षात एकच इन्स्ट्रक्शन असलेला तुकडाही त्याला जाडजूड वाटतो आणि तो असलेलं फंक्शन नाकारलं जातं. जीसीसी ९ पासून एएसएमच्या पुढे इनलाइन हा शब्द लिहिला की आकार कमीत कमी धरला जातो.

‘बॉडी नॉट अव्हेलेबल’ आणि ‘डिक्लेअर्ड बट नेव्हर डिफाइन्ड’

आता दुसरा प्रकार. इथून पुढच्या वॉर्निंग दाबायच्या नाहीत.

हेडरमध्ये इनलाइन लिहून नुसतं प्रोटोटाइप दिलं आणि डेफिनिशन सी फाइलमध्ये ठेवली, तर इतर फाइलांना उलगडायला अंगच मिळत नाही. शिवाय ज्या ट्रान्सलेशन युनिटमध्ये फंक्शन इनलाइन म्हणून जाहीर केलं त्याच युनिटमध्ये त्याची डेफिनिशन असली पाहिजे, हा मानकाचा नियमच आहे. दुरुस्तीचे मार्ग दोन: प्रोटोटाइपवरून इनलाइन काढा, नाही तर पूर्ण डेफिनिशन हेडरमध्ये आणा.

हेडरमध्ये आणताना स्टॅटिक इनलाइन लिहा. नुसतं इनलाइन लिहिलं तर पुढचा खड्डा तयार असतो. १९९९च्या नियमांप्रमाणे नुसत्या इनलाइन डेफिनिशनमधून बाहेरच्यांना दिसणारं सिम्बॉल, म्हणजे लिंकरला सापडणारं नाव, तयार होत नाही. कम्पायलरने कॉल उलगडला तर सगळं छान. नाही उलगडला तर तो बाहेरची डेफिनिशन शोधतो आणि लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून हात वर करतो. रिलीज बिल्ड होतो, डीबग होत नाही, हे या चुकीचं ठरलेलं लक्षण. स्टॅटिक नकोच असेल तर नेमक्या एका सी फाइलमध्ये त्याच फंक्शनचं एक्स्टर्न इनलाइन असं डिक्लेरेशन लिहायचं. बाहेरून दिसणारी प्रत तिथे तयार होते.

जुन्या कोडमध्ये हे आणखी गुंतागुंतीचं होतं. जीसीसीची मानकाआधीची स्वतःची पद्धत याच्या नेमकी उलटी होती: तिथे एक्स्टर्न इनलाइनमधून सिम्बॉल तयार होत नसे आणि नुसत्या इनलाइनमधून होत असे. २०१५ साली आलेल्या जीसीसी ५ ने डीफॉल्ट बोली जीएनयू८९ वरून जीएनयू११ वर नेली आणि वर्षानुवर्षं चालणारे प्रोजेक्ट लिंकरपाशी अडकले. तात्पुरता उतारा -एफजीएनयू८९-इनलाइन हा पर्याय देतो. पण स्टॅटिक इनलाइनचा अर्थ दोन्ही पद्धतींत सारखाच असल्याने कोड तिकडे वळवून मोकळं होणं बरं.

याच घरातली आणखी एक वॉर्निंग: स्टॅटिक नसलेल्या इनलाइन फंक्शनमध्ये बदलता येणारं स्टॅटिक व्हेरिएबल ठेवलंय, किंवा त्यातून फाइलपुरत्या स्टॅटिक व्हेरिएबलचा वा फंक्शनचा उल्लेख केलाय. मानकाला हे मान्य नाही, आणि कारण व्यवहारी आहे. प्रत्येक फाइलमध्ये त्या व्हेरिएबलची वेगळी प्रत होईल, आणि मोजणारा काउंटर एका ठिकाणी ५ तर दुसऱ्या ठिकाणी ३ दाखवेल. इथे फंक्शनवर स्टॅटिक चिकटवलं की वॉर्निंग जाते, काउंटर मात्र वेगवेगळेच राहतात. सगळ्यांना सामायिक अवस्था हवी असेल तर ते व्हेरिएबल एका सी फाइलमध्ये ठेवा आणि एक्स्टर्नने दाखवा.

ऑलवेज_इनलाइनचा हट्ट

वॉर्निंगला कंटाळून हे अॅट्रिब्यूट लावलं की अपयश वॉर्निंग राहत नाही, एरर होते. बरोबर इनलाइन हा कीवर्ड लिहायला विसरलात तर ‘ऑलवेज_इनलाइन फंक्शन माइट नॉट बी इनलायनेबल’ अशी वेगळी वॉर्निंग मिळते. कीवर्ड घातला की ती जाते.

काही फंक्शन मुळातच उलगडता येत नाहीत: व्हीए_स्टार्ट वापरून बदलत्या संख्येचे अर्ग्युमेंट वाचणारी, सेटजम्प वापरणारी, नॉनलोकल गोटू असलेली. स्टॅकवर मेमरी देणाऱ्या अलोकाचं जरा निराळं आहे. अलोका असलेलं फंक्शन जीसीसी एरवी नाकारतो, पण ऑलवेज_इनलाइन लावलं तर ऐकतो. तसं केलेलं फंक्शन लूपमध्ये गेलं तर मेमरी प्रत्येक फेरीला सुटेलच याची खात्री उरत नाही, कारण अलोकाची जागा फंक्शन परतल्यावर सुटते आणि आता ते फंक्शन वेगळं उरलेलंच नसतं. हे करू नका.

‘टार्गेट स्पेसिफिक ऑप्शन मिसमॅच’ ही एरर एव्हीएक्ससारख्या प्रोसेसरच्या खास इन्स्ट्रक्शन सेटचे इन्ट्रिन्सिक (थेट त्या इन्स्ट्रक्शन देणारी तयार फंक्शन) वापरणाऱ्यांना हटकून भेटते. इन्ट्रिन्सिक स्वतः ऑलवेज_इनलाइन फंक्शन असतात आणि त्यांना ठरावीक इन्स्ट्रक्शन सेट लागतो. तुमचं फंक्शन त्या सेटसाठी कम्पाइल होत नसेल तर उलगडायला जागा नाही. त्या फाइलपुरता -एमएव्हीएक्स२ द्या, किंवा फक्त त्या फंक्शनला टार्गेट अॅट्रिब्यूट लावा. अख्ख्या प्रोजेक्टला फ्लॅग लावलात तर जुन्या प्रोसेसरवर प्रोग्राम इल्लीगल इन्स्ट्रक्शन म्हणून कोसळेल, आणि तेही या फाइलशी काही संबंध नसलेल्या ठिकाणी.

क्लँग आणि मायक्रोसॉफ्टचा कम्पायलर

क्लँग हा दुसरा कम्पायलर -डब्ल्यूइनलाइन स्वीकारतो पण त्यावर काही करत नाही. तिथे -आरपास-मिस्ड=इनलाइन दिलं की नाकारलेले कॉल कारणासह छापले जातात.

मायक्रोसॉफ्टच्या कम्पायलरमध्ये सी४७१० म्हणजे फंक्शन इनलाइन झालं नाही, सी४७११ म्हणजे न सांगता इनलाइन केलं, आणि सी४७१४ म्हणजे फोर्सइनलाइन सांगूनही झालं नाही. पहिल्या दोन एरवी बंद असतात. /वॉल लावल्यावर उसळतात आणि त्यांना /डब्ल्यूडी४७१० व /डब्ल्यूडी४७११ देऊन बंद करण्यात काहीच गैर नाही. तिसरी मात्र बघा, कारण तिथे तुम्ही सक्ती केली होती आणि ती मानली गेली नाही.

बंद करण्याआधी एवढं बघा

कॉल खरंच उरलाय का, हे वॉर्निंगवरून न ठरवता ऑब्जेक्ट फाइलवरून ठरवा. फाइलमधल्या नावांची यादी देणारं एनएम चालवा: स्टॅटिक इनलाइन फंक्शनचं नाव लहान ‘टी’ अक्षरासह यादीत असेल तर त्याची वेगळी प्रत शिल्लक आहे; नाव सापडलंच नाही तर सगळे कॉल उलगडले गेले. मग मशीन कोड असेम्ब्लीत दाखवणाऱ्या ऑब्जडम्पला -डी देऊन गरम लूपचा भाग वाचा आणि त्यात त्या नावाचा कॉल आहे का बघा. जीसीसीला -एफऑप्ट-इन्फो-इनलाइन-मिस्ड दिलं तर नाकारलेल्या कॉलची कारणंही मिळतात, आणि त्या माहितीच्या नोंदी असल्याने -डब्ल्यूएरर त्यांच्यावर झडप घालत नाही.

टीमला -डब्ल्यूइनलाइन हवीच असेल तर निदान -डब्ल्यूनो-एरर=इनलाइन सोबत द्या. वॉर्निंग दिसत राहतील, बिल्ड मोडणार नाही. ‘नेव्हर डिफाइन्ड’ आणि स्टॅटिक व्हेरिएबलच्या वॉर्निंग वेगळ्या मार्गाने येतात, त्यामुळे त्यांच्यावर -डब्ल्यूएररची पकड तशीच राहते.